आरोग्यचिंतन : दांतांचें कीटण आणि हलका हात

गेल्या चैत्रांत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या निमित्तानें आम्ही वसमत येथें मावशींच्या घरीं चार दिवस राहून आलों. हें गांव पूर्वीं परभणी जिल्ह्यांत मोडत असे. १९९९ सालीं हिंगोली जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून तें त्या जिल्ह्यांत आहे. परंतु जिल्हा कोणताही असो, वसमतची खरी ओळख हळदीची. २०२४ सालीं येथील हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालें. चैत्रांत तर बाजाराच्या बाजूस जावें तिकडे हळदीचीं पोतीं आणि वाऱ्यावर हळदीचा वास, असा थाट असतो.

अशा गांवीं हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत आमच्या मावशी मात्र ओठांशीं पदर धरून बसल्या होत्या. कैरीची डाळ त्यांनीं स्वतःच्या हातानें केलेली; पण त्यांनीं ती तोंडांत घातली नाहीं, नुसतें पन्हें घेतलें. हसूं आलें कीं हात आपोआप तोंडावर जाई. सायंकाळीं स्वयंपाकघरांत सूनबाईंनीं आम्हांला कारण सांगितलें. मावशींच्या हिरड्यांतून कित्येक वर्षें रक्त येतें, चार दांत गेले आहेत, तीन हलत आहेत. आणि मधुमेह असल्यामुळें डॉक्टरांनीं त्यांना दोनदां दंतवैद्याकडे जाण्यास बजावलें आहे. मावशी मात्र जात नाहींत.

न जाण्याचें कारण तीस वर्षांपूर्वींचें आहे. तेव्हां एका मोठ्या शहरांत त्यांनीं दांत साफ करवून घेतले होते. करणाऱ्या गृहस्थांचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं, आणि तें मावशींच्या लक्षांतही नाहीं; लक्षांत आहे तो त्यांचा हात. एकाच बैठकींत वरचे-खालचे सगळे दांत आंकड्यानें खरवडले, ‘दुखतें’ म्हटल्यावर ‘एवढ्यानें काय होतें’ असें उत्तर मिळालें, आणि घरीं पोंचेपर्यंत हातरुमाल लाल झाला. मावशींनीं त्या दिवशीं कानाला खडा लावला. पुढें एक दाढ ठणकूं लागली तेव्हां शेजारणीनें तपकीर चोळण्यास सांगितलें. ठणका क्षणभर बधिर झाला, आणि तपकिरीची डबी जी कनवटीला आली ती आजतागायत तेथेंच आहे. अर्ध्या तासाच्या रांगडेपणानें केलेलें नुकसान तीस वर्षें वाढत गेलें, तें असें.

आम्हीं मावशींना म्हटलें कीं, आतां दिवस बदलले आहेत, आतां हलक्या हातानें करतात. त्यावर त्या म्हणाल्या, “तुला काय जातें सांगायला! आमच्या गांवची हळद पॉलिश करतांना पाहिलीस ना? ढोलांत घालून गरगर फिरवतात. वरची साल निघून जाते तेव्हां कुठें ती चकाकते. माझ्या दांतांचें तेंच करणार ना ते लोक?”

ह्या प्रश्नाला आम्हांला तेथल्या तेथें नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें सावकाश शोधून आज येथें मांडीत आहों. कारण हा प्रश्न एकट्या मावशींचा नाहीं. दांत साफ करविले म्हणजे ते झिजतात, हलूं लागतात, त्यांच्यांत फटी पडतात, ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतही चांगली रुजलेली आहे.

मावशींची उपमा मार्मिक आहे, पण ती लागू पडत नाहीं. शिजवून वाळविलेलीं हळकुंडें ढोलांत एकमेकांवर घासलीं जातात, वरचा खडबडीत भाग निघतो, आणि मालाचें थोडें वजनही घटतें. शेतकरी ती घट सोसतो, कारण बाजारांत चकाकीला भाव आहे. हळकुंडाची साल काढावयाचीच असते. दांताची साल काढावयाची नसते. दांतावरील कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, तें शरीरांतील सर्वांत कठीण द्रव्य आहे खरें. परंतु एकदां गेलें कीं शरीर तें पुन्हां घडवीत नाहीं. दंतवैद्यानें काढावयाचें तें बाहेरून येऊन बसलेलें परकें द्रव्य, म्हणजे कीटण.

हें कीटण होतें कसें तें पाहूं. दांत स्वच्छ घासले तरी कांहीं तासांतच त्यांवर जंतूंचा एक मऊ, चिकट थर बसूं लागतो. रोजच्या घासण्यानें तो निघतो. परंतु खालच्या पुढच्या दांतांची जिभेकडील बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडील बाजू ह्या ठिकाणीं ब्रश नीट फिरत नाहीं, आणि लाळेच्या ग्रंथींचीं तोंडेंही नेमकीं ह्याच जागांजवळ असतात. राहून गेलेल्या थरांत लाळेंतील चुन्याचे क्षार मुरतात आणि थोड्याच दिवसांत त्याचा दगड बनतो. मग तो ब्रशानें, मंजनानें, राखुंडीनें, कशानेंही हलत नाहीं. त्याच्या खडबडीत अंगावर नवे जंतु वस्ती करतात. हिरडी सुजते, तिच्यांतून रक्त येतें, ती दांतापासून सुटूं लागते, आणि शेवटीं दांताला धरून ठेवणारें हाड झिजतें. दांत किडलेला नसतांनाही पडतो तो ह्या वाटेनें. ह्या रोगांत बहुधा ठणका नसतो, म्हणूनच तो घरांत वर्षानुवर्षें बिनबोभाट राहतो.

आतां फटी पडण्याचा प्रश्न. कीटणाचा बांध दोन दांतांमधील पोकळी भरून बसलेला असतो, आणि सुजलेली हिरडी उरलेली जागा झांकते. बांध काढला, सूज उतरली, कीं मूळचीच फट उघडी पडते. तसेंच दांत हलण्याचें. हाड आधींच झिजलेलें असतें. कीटणाच्या आधारानें दांत घट्ट वाटत होता, एवढेंच. साफ केल्यावर कांहीं दिवस थंड पाणी दांतांना झोंबतें हें मात्र खरें आहे. पण तें बहुधा आपोआप थांबतें.

‘हलका हात’ ही कांहीं परदेशांतून आलेली नवलाई नव्हे. सुश्रुतसंहितेंत ह्या रोगाला दंतशर्करा असें नांव दिलेलें आहे, आणि शस्त्रांच्या यादींत दंतशंकु नांवाचें शस्त्रही सांगितलेलें आहे. चिकित्सास्थानांत ही शर्करा काढण्याचा विधि येतो, त्यांत वैद्याला पहिली अट अशी घातली आहे कीं, दांतांच्या मुळांना इजा न होऊं देतां ती काढावी. आणि नंतर मधांत कालविलेल्या लाखेच्या चूर्णानें ती जागा चोळावी. म्हणजे काढण्याचें कौशल्य आणि न दुखविण्याचें कौशल्य हीं दोन नसून एकच आहेत, हें आपल्याकडे फार पूर्वींच ओळखलेलें होतें. मावशींच्या वाट्याला आलेला तो हात जुन्या शास्त्रालाही मान्य झाला नसता.

दांत साफ करणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, ही जाणीव पश्चिमेकडे विसाव्या शतकाच्या आरंभीं झाली. अमेरिकेंत ब्रिजपोर्ट गांवीं डॉ. आल्फ्रेड फोन्स ह्यांनीं १९०६ सालीं आयरीन न्यूमन नांवाच्या आपल्या मदतनीस बाईंना हें काम शिकविलें, आणि १९१३ सालीं त्यासाठीं शाळाच काढली. आपल्या देशांत डॉ. रफीउद्दीन अहमद ह्यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास पहिलें दंतमहाविद्यालय सुरू केलें, आणि १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानें दंतवैद्यांबरोबरच दांत स्वच्छ करणाऱ्या प्रशिक्षित साहाय्यकांच्या वर्गालाही मान्यता दिली.

तोंवर काम चाले तें हातच्या आंकड्यांनीं. १९५० नंतरच्या दशकांत कंपनाचें यंत्र आलें. त्याचें बारीक टोंक सेकंदाला २५,००० किंवा त्याहूनही अधिक वेळां थरथरतें. परंतु ही थरथर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असते. टोंक दांतावर दाबावयाचें नसतें, नुसतें कीटणाला टेंकवावयाचें असतें. दगड स्वतःच तडकून सुटतो. बरोबर पाण्याचा फवारा असतो, तो टोंक थंड ठेवतो आणि सुटलेले कण वाहून नेतो. ज्याला दाब द्यावा लागतो त्यानें एक तर यंत्र नीट लावलेलें नसतें किंवा घाई केलेली असते.

अलीकडे ह्यांत आणखी एक पाऊल पुढें पडलें आहे. पाणी, वारा आणि अगदीं बारीक पूड ह्यांचा झोत सोडून मऊ थर धुऊन काढतात. आरंभीं ह्यासाठीं खाण्याच्या सोड्याची पूड वापरीत. ती थोडी भरड असते. आतां ग्लायसीन आणि एरिथ्रिटॉल ह्यांच्या पुडी निघाल्या आहेत. पहिलीचे कण सुमारें २५ मायक्रॉनांचे आणि दुसरीचे सुमारें १४ मायक्रॉनांचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन्ही पाण्यांत विरघळतात आणि दांताच्या मुळाच्या नाजूक भागालाही फारसें खरचटवीत नाहींत.

नव्या पद्धतीची बैठक साधारणपणें अशी असते. प्रथम विचारपूस. मग दांतांना एक निरुपद्रवी रंग लावतात. जेथें थर बसला असेल तेथें तो रंग धरतो, आणि आरशांत पाहणाऱ्याला आपला ब्रश कोठें पोंचत नाहीं तें स्वतःच्या डोळ्यांनीं कळतें. आमच्या मतें सबंध बैठकींतील हा सर्वांत मोलाचा धडा होय. मग कोमट पाण्याच्या झोतानें मऊ थर काढतात. एवढें झाल्यावर जो दगड उरेल तेवढ्यालाच कंपनाचें यंत्र लावतात, आणि एखाद्या कोपऱ्यांत हातचें अवजार. म्हणजे निकड असेल तेथेंच कठीण उपाय. हिरडी हळवी असेल तर बधिर करणारें औषध आधीं लावतात; कीटण हिरडीच्या खोल खालीं गेलें असेल तर सुई देतात, आणि काम दोन-चार बैठकींत वांटून घेतात. तोंड उघडें असतां बोलतां येत नाहीं, म्हणून ‘दुखलें कीं डावा हात वर करा, मी थांबतें’ असा करार आधींच झालेला असतो.

वाचकांनीं एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. झोताचें नवें यंत्र प्रत्येक गांवीं नसणार, आणि असलें तरी त्याचे पैसे अधिक पडतात. पण हलका हात यंत्रांत नसतो, माणसांत असतो. जुन्या साधनांनींही न दुखवितां काम करणारे दंतवैद्य आहेत, आणि नव्या यंत्रानें घाईघाईनें दुखविणारेही असूं शकतात. तेव्हां चौकशी करावयाची ती यंत्राची नव्हे. हा माणूस हात लावण्याआधीं विचारतो काय, आणि थांबा म्हटल्यावर थांबतो काय, ह्याची.

आपल्या बाजूनेंही कांहीं गोष्टी आधीं सांगाव्या लागतात. हृदयाची झडप बदलली असेल, हृदयाला गति देणारें यंत्र बसविलें असेल, रक्त पातळ करणारें औषध चालू असेल, मधुमेह, दमा किंवा रक्तदाब असेल, तर तें खुर्चींत बसण्यापूर्वींच सांगावें. ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांच्यासाठीं सोड्याची पूड टाळतात. दमेकऱ्यांना झोताचा त्रास होऊं शकतो. गर्भारपणांत दांत साफ करूं नयेत ही समजूत मात्र चुकीची आहे. त्या दिवसांत हिरड्या अधिक सुजतात, म्हणून काळजी उलट अधिकच हवी. फक्त दिवस गेल्याचें दंतवैद्याला सांगावें.

कितीदां जावें? ‘दर सहा महिन्यांनीं’ हें वाक्य आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. परंतु २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेंत असें आढळलें कीं, ज्यांना हिरड्यांचा तीव्र रोग नाहीं आणि जे तपासणीस नेमानें जातात, अशा प्रौढांत ठराविक मुदतीनें कीटण काढल्यानें दोन-तीन वर्षांत हिरड्यांना फारसा अधिक फायदा दिसत नाहीं. तेव्हां सहा महिन्यांचा नियम ब्रह्मवाक्य नव्हे. ज्याच्या त्याच्या तोंडाप्रमाणें मुदत ठरवावी. उलट ज्यांच्या हिरड्या खरोखर बिघडल्या आहेत, त्यांनीं टाळाटाळ करूं नये. मधुमेह्यांनीं तर मुळींच नाहीं. वाढलेली साखर हिरड्या बिघडविते, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यांत येऊं देत नाहींत. २०२२ सालच्या दुसऱ्या एका कॉक्रेन समीक्षेप्रमाणें, अशा रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन-चार महिन्यांनीं तीन महिन्यांच्या साखरेचा टक्क्यांतील आंकडा सरासरीनें ०.४३ नें उतरलेला आढळला. आंकडा लहान वाटेल. पण रोज गोळ्या घेणाऱ्यांना त्याची किंमत कळेल.

वसमतचा विषय निघाला आहे तर हळदीचेंही सांगितलें पाहिजे. हळदीच्या गुळण्यांनीं हिरड्यांची सूज उतरण्यास मदत होते असें दाखविणारे प्रयोग झालेले आहेत. परंतु दगड हळदीनें विरघळत नाहीं. हळद जोडीला असूं द्यावी. दंतवैद्याच्या जागीं तिला बसवूं नये.

दुसरी गोष्ट डागांची. शेजारच्या नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत, तसेंच चंद्रपूर जिल्ह्यांतही, कांहीं गांवच्या विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यांत फ्लोराईड अधिक आहे. तें लिटरला १ मिलिग्रॅमच्या आंत असावें, आणि दुसरें पाणी नसेल तर १.५ च्या वर तरी जाऊं नये, असें मानक आहे. लहानपणीं असें पाणी पोटांत गेलें तर दांतांवर पांढरे किंवा तपकिरी डाग उमटतात. ते डाग कवचाच्या आंत असतात. ते कीटण नव्हे, आणि कितीही साफ केले तरी जात नाहींत. आठवड्याच्या बाजारांत बसून ‘एका मिनिटांत दांत पांढरे’ करून देणाऱ्यांपासून अशा मुलांना विशेष जपावें. त्या बाटलींत अनेकदां आम्ल असतें. त्यानें डागाबरोबर कवचच खाल्लें जातें. मावशींची ढोलाची भीति कोठें खरी ठरत असेल तर ती तेथें.

घरीं करावयाचें तें थोडेंच आहे. ब्रश मऊ असावा, तो दिवसांतून दोनदां आणि न दाबतां फिरवावा. रात्रींचा वेळ चुकवूं नये. दांतांच्या फटी बारीक ब्रशानें किंवा दोऱ्यानें साफ कराव्यात. भरड राखुंडी, विटेची पूड, मिश्री आणि तपकीर ह्यांना दांतांपाशीं जागा देऊं नये. मिश्री आणि तपकीर म्हणजे तंबाखूच. ती हिरडीला बधिर करते, बरी करीत नाहीं, आणि तोंडाच्या कर्करोगाची वाट मोकळी करते. ब्रश लावतांना रक्त आलें म्हणून घासणें थांबवूं नये. रक्त ही थांबण्याची नव्हे, दाखवून घेण्याची खूण आहे.

असो. मावशींचें पुढें काय झालें तेंही सांगतों. नांदेड आणि परभणी ह्या दोन्ही ठिकाणीं दंतमहाविद्यालयें आहेत, आणि अशा रुग्णालयांत खर्चही कमी येतो. पण मावशींना विद्यार्थ्यांच्या घोळक्याची धास्ती वाटली. शेवटीं वैशाखांत सूनबाईंनीं त्यांना नांदेडास एका दंतवैद्य बाईंकडे नेलें. पहिल्या दिवशीं त्या बाईंनीं एकही अवजार हातांत घेतलें नाहीं. फक्त पाहिलें, साखरेचे कागद वाचले, आणि तीस वर्षांपूर्वींची हकीकत मुकाट्यानें ऐकून घेतली. पुढें आठ-आठ दिवसांच्या अंतरानें तीन बैठकी झाल्या. डावा हात मावशींनीं पहिल्या बैठकींत, त्यांच्याच सांगण्याप्रमाणें, ‘पंधरा वेळां तरी’ वर केला, तिसरींत दोनदां.

सगळें कांहीं सुधारलें असें म्हणवत नाहीं. हलणाऱ्या तीन दांतांपैकीं एक काढावा लागला, कारण त्याच्या भोंवतीं हाडच उरलेलें नव्हतें. तीस वर्षांपूर्वीं तो घट्ट होता. खालच्या दांतांत आतां फट दिसते, आणि ती पाहून जावा काय म्हणतील ही काळजी मावशींना आहेच. तपकीरही पुरती सुटलेली नाहीं. सकाळची गेली, रात्रींची आहे. परंतु रक्त येणें थांबलें आहे.

परवां गणपतींत आम्ही पुन्हां वसमत येथें गेलों होतों. आरती झाल्यावर खोबऱ्याची खिरापत वांटली, ती मावशींनीं घेतली आणि डाव्या बाजूनें सावकाश चावून खाल्ली. आम्ही पाहत आहों हें लक्षांत येतांच त्या म्हणाल्या, “ती बाई आधीं विचारते आणि मग हात लावते. मला वाटलें नव्हतें कीं असें कोणी करतें.” मग सूनबाईंकडे वळून त्यांनीं विचारलें, “पुढची तारीख कोणती ग? मार्गशीर्षांतली ना?”

आमच्या वाचकभगिनींपैकीं ज्यांच्या घरीं अशा एखाद्या मावशी, आत्याबाई किंवा मामंजी असतील, त्यांनीं वडील माणसांना ‘घाबरतां काय’ असें म्हणूं नये. काय झालें होतें तें आधीं विचारावें, आणि मग त्यांच्याबरोबर जावें.